संविधान आणि शासनाची मूलतत्त्वे

संविधान म्हणजे राज्यसंस्थेची रचना ठरवणारा, शासनाला अधिकार देणारा आणि त्या अधिकारांना मर्यादा घालणारा सर्वोच्च कायदा होय. मराठीत त्यासाठी *राज्यघटना* किंवा नुसते *घटना* हे शब्दही रूढ आहेत. शासन म्हणजे त्या चौकटीत कायदे करणारी, ते अमलात आणणारी व वाद निवडणारी यंत्रणा. भारताचे संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले.

शासनाची मूलतत्त्वे बहुधा दिल्ली किंवा मुंबईच्या संदर्भात मांडली जातात. प्रस्तुत लेखात ती मुख्यतः खानदेशच्या, विशेषतः जळगाव तालुक्यातील नशिराबादच्या, उदाहरणांवरून दिली आहेत. हा निव्वळ स्थानिक अभिमानाचा भाग नाही. जळगाव–भुसावळ मार्गावरचे हे गाव अलीकडच्या काळात ग्रामपंचायतीकडून नगरपरिषदेकडे गेले. असे रूपांतर होताना, एरवी कागदावर राहणारे प्रश्न रहिवाशांसमोर उभे राहतात: आपला कारभार कोणी करायचा, कोणाच्या अधिकाराने आणि किती काळ.

शब्द आणि अर्थ

मराठीत *सरकार*, *शासन* आणि *राज्य* हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु राज्यशास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. राज्य म्हणजे भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व यांनी बनलेली कायम स्वरूपाची संस्था. शासन हा तिचा एक घटक असून ते बदलत राहते. निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला म्हणजे शासन बदलते, राज्य तेच राहते. *सरकार* या शब्दाला जुन्या मराठीत मालक किंवा धनी असाही अर्थ होता. *सरकारवाडा* हा शब्द त्याची साक्ष देतो. सत्ता ही कोणाच्या तरी मालकीची वस्तू आहे, ही कल्पना त्या अर्थामागे होती. संविधानाने मोडली ती हीच.

*घटना* या शब्दाचेही दोन अर्थ आहेत: घडलेला प्रसंग आणि रचना. दुसऱ्या अर्थाने पाहिल्यास राज्यघटना म्हणजे राज्य ज्या रीतीने घडवले आहे ती रीत. या अर्थाने प्रत्येक राज्याला काही ना काही घटना असतेच. ब्रिटनमध्ये ती एका दस्तऐवजात नाही. कायदे, न्यायनिर्णय आणि संकेत यांतून ती बनली आहे. अमेरिकेने १७८७ मध्ये ती एका दस्तऐवजात लिहून काढली. भारताने दुसरा मार्ग स्वीकारला आणि तो फार विस्ताराने स्वीकारला: मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची होत्या.

संविधानापूर्वीची सत्ता: खानदेशचा अनुभव

१८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेशात लूटमार केली आणि पाठोपाठ १८०३–०४ चा भीषण दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओसाड झाली. अशा काळात शासनाचे पहिले प्रयोजन उघड दिसते. ते म्हणजे जीवित व मालमत्ता यांचे रक्षण. राज्य का हवे, या प्रश्नाला सतराव्या शतकातील इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने हेच उत्तर दिले होते. पुढे जॉन लॉक याने त्याला जोड दिली की, रक्षणकर्ताच लुटू लागला तर त्याला दूर करण्याचा अधिकार प्रजेकडे असला पाहिजे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सुव्यवस्था आली, पण तिच्याविषयी दाद मागण्याचा मार्ग आला नाही. १८५२ मध्ये महसुली मोजणीविरुद्ध सावदा, यावल, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या संख्येने जमले. मोजणीनंतर सारा वाढेल अशी त्यांना धास्ती होती. लष्कर बोलावून हा उठाव मोडण्यात आला. मोजणी योग्य होती की अयोग्य, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्यांच्या जमिनीवर सारा बसणार होता, त्यांचे म्हणणे ऐकण्याची कायदेशीर जागाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. शासन कायद्याने चालत होते, पण तो कायदा शासितांचा नव्हता. कायद्याने चालणारे राज्य आणि घटनात्मक राज्य यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

गावपातळीवरची सत्ता वतनी होती. पाटील व कुलकर्णी ही पदे घराण्याकडे चालत येत. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपुष्टात आली. त्यांच्या जागी आलेला तलाठी वतनदार नव्हता, नेमलेला व बदली होणारा नोकर होता. अधिकार व्यक्तीचा नसून पदाचा असतो, आणि पद कायद्याने निर्माण होते, हे आधुनिक शासनाचे तत्त्व अनेक गावांत प्रथम या बदलातून पोहोचले. (बोलण्यात मात्र पाटलांना पाटील म्हणणे थांबले नाही.)

संविधान कोणी करायचे? फैजपूर, १९३६

संविधानाविषयीचा सर्वांत मूलभूत प्रश्न त्यातील तरतुदींचा नसून ते करण्याच्या अधिकाराचा आहे. हा प्रश्न खानदेशच्या भूमीवर स्पष्टपणे मांडला गेला.

ब्रिटिश संसदेने संमत केलेला १९३५ चा भारत शासन कायदा हे एक प्रकारचे संविधानच होते. प्रांतांना स्वायत्तता, मंत्रिमंडळे, विषयांची केंद्र व प्रांत यांत वाटणी, संघन्यायालय अशा तपशीलवार तरतुदी त्यात होत्या. परंतु तो बदलण्याचा अधिकार लंडनच्या संसदेकडे होता, गव्हर्नरांना विशेष अधिकार होते आणि मताधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता.

या पार्श्वभूमीवर २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. स्वागताची व संघटनेची धुरा शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी आदींनी वाहिली. गावोगाव फिरून लोकांना गोळा करणाऱ्यांत साने गुरुजी होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या *टिळकनगर*ची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली.

अधिवेशनाने १९३५ चा कायदा फेटाळला आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संविधान सभेची मागणी केली. देशाची घटना अंतिमतः ठरवण्याचा अधिकार त्या सभेलाच असावा, अशी भूमिका घेतली गेली. कायदा अमलात येण्याच्या दिवशी, १ एप्रिल १९३७ रोजी, निषेधाचा हरताळ पाळण्याचेही ठरले. याच अधिवेशनात शेतसारा व खंड कमी करणे, शेतकऱ्यांच्या कर्जाचा भार हलका करणे आदी मुद्द्यांचा कृषी कार्यक्रम संमत झाला. घटनेची मागणी आणि साऱ्याची तक्रार एकाच मांडवात मांडली गेली. सावदा–यावल परिसरातील १८५२ च्या उठावाला तेव्हा ऐंशी-पंचाऐंशी वर्षे झाली होती.

फैजपूरची मागणी शब्दशः पूर्ण झाली नाही, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. १९४६ मध्ये संविधान सभा निवडली गेली ती थेट जनतेकडून नव्हे, तर १९३५ च्याच कायद्याखाली मर्यादित मताधिकाराने निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांकडून. संस्थानांचे प्रतिनिधी आणखी वेगळ्या रीतीने आले. त्यामुळे संविधान *जनतेचे* कसे, हा प्रश्न टीकाकारांनी वेळोवेळी विचारला आहे. त्याला दोन उत्तरे दिली जातात. एक, उद्देशिका सत्तेचा उगम ब्रिटिश संसदेत न दाखवता *आम्ही, भारताचे लोक* असा दाखवते, आणि अनुच्छेद ३९५ ने १९३५ चा कायदा व १९४७ चा स्वातंत्र्य कायदा हे दोन्ही रद्द केले. दोन, त्याच संविधानाने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार पात्र ठरले. दुसरे उत्तर अधिक वजनदार वाटते. करताना ज्यांचे मत घेतले गेले नाही, त्यांना ते चालवण्याचा व बदलण्याचा अधिकार मिळाला.

पूर्व खानदेशात वकिली केलेले हरि विनायक पाटसकर हे संविधान सभेचे सदस्य होते. पुढे ते जळगावचे खासदार झाले, आणि केंद्रीय विधिखात्याचे मंत्री म्हणून हिंदू वारसा कायदा, १९५६ संसदेतून पार नेण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. समानतेचे तत्त्व घटनेत लिहिले गेले, तरी मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळण्यासाठी असा साधा कायदा लागतोच.

महाराष्ट्रातील दुसरा लक्षणीय प्रयोग औंध संस्थानातील आहे. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली घटना लागू करून स्वतःची बहुतेक सत्ता लोकप्रतिनिधींकडे सोपवली. राजाने स्वेच्छेने दिलेली घटना आणि लोकांनी केलेली घटना हे दोन वेगळे प्रकार मानले जातात; औंध पहिल्या प्रकारात मोडते.

मर्यादित सत्ता

संविधानाचे काम दुहेरी आहे: ते सत्ता निर्माण करते आणि तिला बांधून ठेवते. फक्त निर्माण करणारी घटना हुकूमशहालाही चालते.

सत्ता बांधून ठेवण्याचे प्रमुख उपाय सर्वपरिचित आहेत. मूलभूत अधिकारांमुळे काही विषय बहुमताच्याही आवाक्याबाहेर राहतात. सत्ताविभाजनामुळे कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्याचा अर्थ लावणारा हे वेगळे राहतात. हा विचार फ्रेंच विचारवंत माँतेस्क्य याच्या नावाशी जोडला जातो. भारतात हे विभाजन काटेकोर नाही. मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येते व त्यालाच जबाबदार असते. राष्ट्रपती व राज्यपाल नाममात्र प्रमुख असून मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागण्यास बांधील आहेत. जळगावातून १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर गेलेल्या प्रतिभा पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. देशातील सर्वोच्च पद आणि प्रत्यक्ष निर्णयशक्ती या दोन गोष्टी भिन्न असतात, हे संसदीय पद्धतीचे वैशिष्ट्य त्या पदावरून सहज कळते. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाला सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगू शकतात. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र मानावाच लागतो.

लिखित तत्त्व आणि आचरण

घटनेतील शब्द व समाजातील वास्तव यांच्यातील अंतर १९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत फार जवळून दिसले. २९ एप्रिल १९४७ रोजी संविधान सभेने मूलभूत अधिकारांच्या अंतरिम अहवालातील अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मान्य केले. दोनच दिवसांनी, १ मे रोजी, अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. दिल्लीत कलम संमत झाल्याने पंढरपूरचा दरवाजा आपोआप उघडला नव्हता. तसाच, एका मंदिराचा दरवाजा उघडल्याने देशभरचा अन्याय दंडनीय ठरणार नव्हता. त्यासाठी पुढे अनुच्छेद १७ लागला.

मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात *घटनात्मक नीती*ची संकल्पना मांडली. इतिहासकार ग्रोट याचा आधार घेत त्यांनी सांगितले की ही नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते. संविधानात प्रशासनाचे एवढे तपशील का घातले, या आक्षेपालाही त्यांचे उत्तर हेच होते. घटनेचा शब्द न बदलता, केवळ प्रशासनाची पद्धत बदलून घटनेचा आत्मा बिघडवता येतो. म्हणून पद्धतही लिहून ठेवणे इष्ट, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तिसरा स्तर: ग्रामपंचायत व नगरपरिषद

मूळ संविधानात शासनाचे दोनच स्तर होते: संघ व राज्य. ग्रामपंचायतींचा उल्लेख अनुच्छेद ४० मध्ये, म्हणजे न्यायालयामार्फत अमलात आणता न येणाऱ्या निदेशक तत्त्वांत होता. महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा आणि नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. या संस्था राज्याच्या साध्या कायद्यावर उभ्या होत्या, त्यामुळे निवडणुका लांबवणे किंवा संस्था बरखास्त ठेवणे राज्य शासनाला सोपे होते. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी (अंमल १९९३ पासून) त्यांना घटनात्मक स्थान दिले. पाच वर्षांची मुदत, नियमित निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी आरक्षण या बाबी बंधनकारक झाल्या. महिलांसाठी घटनेने किमान एक तृतीयांश जागा सांगितल्या. महाराष्ट्राने २०११ पासून त्या निम्म्या केल्या.

नशिराबाद हे दीर्घकाळ जळगाव तालुक्यातील मोठ्या ग्रामपंचायतींपैकी एक होते. चालू दशकाच्या आरंभी तेथे नगरपरिषद स्थापन झाली. अनुच्छेद २४३-क्यू नुसार एखादे क्षेत्र नागरी ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण व आर्थिक महत्त्व यांचा विचार करून राज्यपाल, म्हणजे प्रत्यक्षात राज्य शासन, अधिसूचना काढते. त्याआधी उद्घोषणा काढून हरकती मागवल्या जातात. गावाचे मतदान घेण्याची तरतूद नाही. गाव नागरी झाले की नाही हे लोकांच्या इच्छेवर नव्हे, तर वस्तुस्थितीच्या निकषांवर ठरावे, असा त्यामागचा विचार दिसतो. तो तर्कसंगत असला तरी, रहिवाशांचे हक्क बदलणारा निर्णय त्यांच्या संमतीवाचून होतो, हेही खरे.

हक्क बदलतात ते पुढीलप्रमाणे. ग्रामपंचायत क्षेत्रात *ग्रामसभा* ही संविधानाने मान्य केलेली संस्था असते. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते; निवडून यावे लागत नाही. वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात असे राज्याचा कायदा सांगतो, आणि सरपंचाला खर्चाचा हिशेब समोरासमोर विचारता येतो. नगरपरिषदेत अशी सभा नाही. प्रभाग समित्यांची तरतूद अनुच्छेद २४३-एस मध्ये आहे, पण ती तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक आहे. चाळीस हजार वा त्याहून कमी वस्तीच्या *क* वर्ग नगरपरिषदेला ती लागू होत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीतील मतदार जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकीतूनही बाहेर पडतो. प्रशासनाच्या बाजूने ग्रामसेवकाच्या जागी राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी येतो. मोबदल्यात नगररचना, पाणीपुरवठा, अग्निशमन, रस्ते यांसाठी अधिक व्यापक अधिकार, नागरी योजनांचा निधी आणि थेट निवडलेला नगराध्यक्ष मिळतो. थोडक्यात, प्रत्यक्ष लोकशाहीचा एक तुकडा देऊन प्रातिनिधिक लोकशाहीचा मोठा तुकडा घेतला जातो. हा व्यवहार फायद्याचा ठरतो तो निवडणूक वेळेवर झाली तरच.

प्रशासकांचा काळ

नशिराबादमध्ये ती लगेच झाली नाही. ग्रामपंचायत संपली, ग्रामसभा संपली, आणि नगरपरिषदेची पहिली निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. पाणीपट्टी, गटारी, घरपट्टी यांविषयीचे निर्णय होत राहिले, पण ते घेणाऱ्याला मतपेटीतून जाब विचारणे शक्य नव्हते.

हा अनुभव एकट्या नशिराबादचा नव्हता. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व तेथेही प्रशासक आला. राज्यातील बहुसंख्य महानगरपालिका व नगरपरिषदांची स्थिती तीच झाली. कारण मुख्यतः इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद होते. ४ मार्च २०२१ च्या विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन अटी ठळक केल्या: समर्पित आयोगाने मागासलेपणाची पाहणी करावी, आरक्षणाचे प्रमाण संस्थानिहाय ठरवावे, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नये. या निर्णयाचा फटका धुळे जिल्हा परिषदेलाही बसला. तेथील संबंधित जागा रिक्त होऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणूक घ्यावी लागली. त्यानंतर जयंतकुमार बांठिया आयोग नेमला गेला. जुलै २०२२ मध्ये त्याचा अहवाल स्वीकारला गेला, तरी प्रभागरचना व आरक्षणाविषयीचे पुढचे वाद न्यायालयात रेंगाळले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला व सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली.

या प्रकरणात संविधानातील दोन मूल्ये समोरासमोर आली: सामाजिक न्यायासाठीचे आरक्षण आणि नियतकालिक निवडणूक. दोन्हींना घटनेचा आधार आहे. परंतु अनुच्छेद २४३-ई व २४३-यू मधील भाषा निवडणुकीच्या बाबतीत फार स्पष्ट आहे. मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. निवडणूक मुदत संपण्यापूर्वी. संस्था विसर्जित झाल्यास सहा महिन्यांच्या आत. किशनसिंग तोमर खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला हे वेळापत्रक पाळण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे म्हटले होते. तरीही कित्येक संस्था तीन-चार वर्षे प्रशासकांकडे राहिल्या. वाद न्यायप्रविष्ट असणे हे विलंबाचे कारण म्हणून समजण्यासारखे आहे. मात्र ज्या न्यायालयाने वेळापत्रक अनुल्लंघनीय ठरवले, त्याच न्यायालयात ते अडकून पडले, हा विरोधाभास नोंदवणे भाग आहे.

नशिराबादसारख्या नव्या नगरपरिषदेच्या बाबतीत आणखी एक फट दिसते. अनुच्छेद २४३-यू मुदत संपणाऱ्या किंवा विसर्जित होणाऱ्या पालिकेविषयी बोलतो. नव्याने जन्मणाऱ्या पालिकेची आधीची मुदतच नसते, त्यामुळे तिची पहिली निवडणूक किती दिवसांत व्हावी याचा आकडा या अनुच्छेदात नाही. घटना कितीही विस्तृत असली, तरी प्रत्येक प्रसंग तिच्या शब्दांत मावत नाही. उरलेली जागा आंबेडकरांनी सांगितलेल्या घटनात्मक नीतीने भरावी, अशी अपेक्षा असते.

एकाच जिल्ह्यातील दुसरी व्यवस्था

समान नागरिकत्व म्हणजे सर्वत्र एकसारखी शासनपद्धती असे नव्हे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची काही गावे, धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर भागांतील गावे आणि नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील *अनुसूचित क्षेत्रात* येतो. तेथे राज्यपालांना विशेष अधिकार असून १९९६ चा पंचायत उपबंध विस्तार कायदा, म्हणजे *पेसा*, लागू आहे. या कायद्याने पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे येते, भूसंपादनापूर्वी तिच्याशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते, आणि परंपरागत रूढी व साधनसंपत्ती जपण्यास ती सक्षम मानली जाते.

म्हणजे महामार्गावरच्या नशिराबादमध्ये ग्रामसभा लोप पावली आणि त्याच जिल्ह्याच्या उत्तर कडेला सातपुड्यातील पाड्यावर ती सर्वाधिक अधिकारसंपन्न संस्था ठरली, ती एकाच संविधानाच्या वेगवेगळ्या भागांमुळे. अनुसूचित क्षेत्रातील गाव वाढून नागरी झाले तर काय, या प्रश्नावर संविधानाचे उत्तर अर्धवट आहे. अनुच्छेद २४३-झेडसी नुसार नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. तो फेरफारांसह लागू करण्याचा कायदा संसदेने करावयाचा आहे. पंचायतींसाठी तसा कायदा झाला. नागरी संस्थांसाठी १९९६ च्या कायद्यासारखा विस्तार कायदा झालेला नाही.

घटनादुरुस्ती

अनुच्छेद ३६८ नुसार संसद संविधानात दुरुस्ती करू शकते. काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला की, दुरुस्तीचा अधिकार व्यापक असला तरी त्याने संविधानाची *मूलभूत चौकट* नष्ट करता येणार नाही. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली तो दिवसही २४ एप्रिलच, वीस वर्षांनंतरचा. पंचायतराज दिन म्हणून तो पाळला जातो. स्थानिक स्वराज्य हे त्या मूलभूत चौकटीत मोडते काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मोडत असेल, तर निवडून न आलेल्या प्रशासकाचा दीर्घ कारभार हा केवळ प्रशासकीय दिरंगाईचा विषय राहत नाही.